चुळबुळीचा आलेख

तमाम रसिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रेक्षकांची चुळबुळ कागदावर काढता येते, आणि हा शोध ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, धारमध्ये, सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून प्रस्तुत लेखकानं लावला.

मी तेव्हा देवासच्या एका कारखान्यात होतो. तयार मालाची मापं घ्यायची, आलेख काढायचा, रेघ मर्यादेबाहेर गेली की यंत्र थांबवायचं, ही नोकरी. पण माझा पाय काही एका जागी ठरत नसे. सुट्टी आली की बस पकडून धारला, काकांकडे. काका निवृत्त शिक्षक. घराणं संस्थानी नोकरीतलं, म्हणून दूधही दरबारात मागवल्यासारखं मागवत. गणपतीतलं मंडळाचं नाटक दर वर्षी काकाच लिहीत, काकाच बसवत आणि त्यातला राजाही काकाच होत.

त्या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरीनं सांगूनच टाकलं होतं, की हिंदी शाळेत शिकलेली पोरं नाटकातून उठून जातात. रंगीत तालमीला लोक बसले तर नाटक, नाहीतर इंदूरचा ऑर्केस्ट्रा. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. स्वगतं पुटपुटत ते अंगणात येरझाऱ्या घालत, आणि त्यांच्यामागे मीही, विनाकारण.

तालमीला मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. प्रॉम्प्टरनं पान उलटलं की मी एक चौकोन पुढे. कोणी खोकलं, दाराकडे बघितलं, चप्पल शोधायला उठलं, की निळी रेघ वर. तिच्याखाली लाल पेन्सिलीनं राजाचं बोलणं. ओळी जास्त तितकी रेघ उंच. शेवटाकडे निळ्या पेन्सिलीचं टोक संपलं, यावरून काय ते ओळखा.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. काकांसमोर धीर होईना, म्हणून माझ्याकडे वळून म्हणाले, "भिया, पब्लिक बसली नाही. आता तूच सांग यांना."

काका गरजले की लोकांचं मराठीच कच्चं, त्याला नाटककार काय करणार. मी कागद जमिनीवर पसरला. जिथे लाल डोंगर, तिथेच निळा डोंगर. काका गुडघे टेकून बघत राहिले. मग एके ठिकाणी त्यांचं बोट थबकलं. तिथे निळी रेघ जमिनीला चिकटून झोपलेली होती.

"हे काय?"

तो दासीचा प्रवेश होता. राजाला पोशाख बदलायला वेळ मिळावा एवढ्यासाठीच काकांनी तो घातलेला. हिंदी शाळेतली तीच पोरं तिथे पोट धरून हसली होती. काका वरमले. ती भाषा त्यांची नव्हतीच. सकाळी दुधवाल्याला काकू अर्ध्या मराठीत, अर्ध्या माळवीत झाडत, ते सगळं त्यांनी जसंच्या तसं दासीच्या तोंडी दिलं होतं.

सेक्रेटरींनी चष्मा पुसून रेघ पुन्हा पाहिली. नाटक सगळं असं होणार असेल तर ऑर्केस्ट्रावाल्यांना नको म्हणून कळवतो, म्हणाले. काकांनी मला हळूच विचारलं, की रेघ अशी मर्यादेबाहेर गेली म्हणजे तुमच्या कारखान्यात काय करतात.

"यंत्र थांबवतात," मी म्हणालो.

मी उगाच पेन्सिल बोटांत फिरवत होतो. इतक्यात चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या काकूंच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, मग राजाला पहिल्याच अंकात मारून टाका की!"