हिरो मागे राहिला तो शॉट

“ह्या बाईचा चेहरा काढा आन् तिथं हिरोइनचा बसवा,” दादासाहेब म्हणाले. “आता कॉम्प्युटरवर कायबी हुतंय म्हनं.”

होतं. तीच तर अडचण होती.

मी कोल्हापुरात जुने सिनेमे दुरुस्त करते. रिळाची एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, स्कॅन करायचं आणि त्यावरची धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग पुसायचे. दादासाहेबांनी आणलेल्या या सिनेमाचे निर्माते त्यांचे वडील, आणि हिरोही तेच. गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांत जोरात पळणाऱ्या पोरीची. त्या काळच्या सिनेमात अशा पोरीचं शेवटी जे व्हायचं तेच हिचं होतं. हिरो तिला शर्यतीत हरवतो, ती लाजते, लग्न होतं, पळणं बंद. हिरोइनला दहा पावलंही धड पळता येईनात, म्हणून पळायला डबल, म्हणजे बदली मुलगी घेतलेली. तिला सक्त ताकीद होती, चेहरा कॅमेऱ्यात दिसता कामा नये.

एका शॉटमध्ये मात्र ती सरळ मागे वळून बघते. अठरा फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद. घासलेल्या प्रिंटवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी साफसफाई केली आणि चेहरा लख्ख दिसू लागला.

“दादासाहेब, मी डाग पुसते. माणसं पुसत नाही.”

“चूक हाय ती. बाबांच्या सिनेमात चूक नगं.”

मालक ते. मी दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्याच दिवशी कुरुंदवाडहून फोन आला. सिनेमा दुरुस्त होतोय हे पेपरात वाचून अक्काताईंनी नंबर मिळवला होता. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. “त्यात पळणारी मी हाय,” म्हणाल्या. घरात कुणाला खरं वाटत नव्हतं. नात शाळेकडून पळते, तिलाही ही आजीची थापच वाटायची. लग्नानंतर पळण्याचा एक फोटोसुद्धा सासरी आला नव्हता. पुरावा म्हणाल तर त्या अठरा फ्रेम, आणि त्याच मला पुसायला सांगितलेलं.

मी दोघांना एकाच दिवशी बोलावलं. अक्काताई नातीला घेऊन आल्या. शॉट लावला.

“अक्काताई, मागं का वळलात?” मी विचारलं.

“डायरेक्टर म्हनलं, हळू पळ, हिरोला फुडं जाऊ दे. मी हळू केलं. आनखी हळू केलं. पावणं येईनातच की! म्हनून बघितलं, पडलं का काय.”

दादासाहेब खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, आता हे उठून चालू लागणार. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“बाबा जिना बी थांबत थांबत चढायचं,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ द्या तो शॉट. आन् सुरुवातीच्या पाटीवर ह्यांचं नाव घाला.”

मला दादासाहेबांना मिठी मारावीशी वाटली. ते शोभलं नसतं, म्हणून अक्काताईंना मारली.

नात अजून पडद्यापाशीच उभी होती. “आजी, तूच हाईस की गं! मग जिंकलं कोण?”

“सिनेमात त्यो,” अक्काताई म्हणाल्या.

शर्यतीचा सिनेमा दुरुस्तीला आला, की पडद्यावरचा निकाल मी आता अंतिम धरत नाही.