लखूमामाचा ओठ

आमच्या लखूमामाचा जगात विश्वास होता तो एकट्या स्वतःच्या ओठावर. आमच्या बाजारकुणंग गावच्या रानातून कडू करांदा, म्हणजे ओठ खाजवणारा रानकंद, खणून आणला की तो चिरायचा, राखेच्या पाण्यात उकळायचा आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा. एवढं करूनही खायच्या आधी एक कपटा ओठाला लावायचा आणि विड्याचं एक पान चघळून होईपर्यंत गप बसायचं. ओठ खाजला तर टोपली परत ओढ्यात. आम्हा कुणब्यांत सगळेच असं करतात, पण फक्त करांद्याला. मामा चुलत्याच्या घरचं ताकसुद्धा ओठाला लावून बघायचा. माझी आई त्याची सख्खी बहीण, तिनं वाढलेली आमटीही सुटली नाही. तिनं एकदा रागानं त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं होतं.

धाकटा कान्हूमामा मुंबईच्या गिरणीत कामाला निघाला, तेव्हा ह्यानं वेशीपर्यंत जाऊन त्याला बजावलं, "भायेरचं खाल्लंस तर ह्या घराचा उंबरा शिवू नगंस." कान्हू मान हलवून गेला आणि दोन वर्षं फिरकला नाही. आमच्या आजोळी नव्या भाताचं जेवण सगळे भाऊ एका पंगतीला बसल्याशिवाय होत नाही. म्हणून फुलाआजीनं, म्हणजे ह्या दोघांच्या आईनं, दोन वर्षं नवा भात तोंडात घातला नाही. नाचणीची आंबील पिऊन पिऊन तिची पार काटकी झाली. तिसऱ्या वर्षी भात पिवळा पडायला लागला, तेव्हा ती लखूला म्हणाली, औंदा त्याला आणलं न्हाईस तर मी परत नवं बघायला उरायची न्हाई.

त्याच सुमारास खानापूरचा सुपारीचा व्यापारी उमाजी सांगून गेला, की कान्हू भायखळ्याला दिसला, रस्त्यावर उभा राहून काहीतरी खात होता, हाक मारली तर तोंड चुकवून पळाला. झालं! मामाच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी खाण्यातून काहीबाही घालून पोराला बांधून ठेवलंय! ते खाणं शोधलं की भाऊ सापडणार, एवढंच त्याला कळलं. पोहे आणि गूळ गाठोड्यात बांधून तो लोंढ्यापर्यंत चालत गेला आणि रेल्वेत बसला.

भायखळ्याला बघावं तिथं टोपल्या, हातगाड्या नि कढया. मामा एकेकापुढं जाऊन उभा राहायचा आणि चिमूटभर जिन्नस ओठाला लावायचा. चणेवाल्याला त्यानं विचारलं, एवढी हळद कशापायी, खाली काय झाकलंय? भेळवाल्यानं सात डब्यांतून सात जिनसा काढून कालवल्या, तेव्हा मामा म्हणाला, ज्याला लपवायचं असतं तोच एवढं कालवतो. बर्फाचा गोळा ओठाला लावला आणि ओठच बधिर झाला. मग काय, त्याची खात्रीच पटली. गोळेवाल्याचं मनगट धरून तो भाऊ मागायला लागला. चार माणसांनी ओढून सोडवलं. दोन दिवस असेच गेले, पोहे संपत आले. बाहेरचं पाणी पितानासुद्धा तो तीनदा थुंकायचा.

तिसऱ्या दिवशी गिरणीच्या भिंतीला लागून काशी नावाची एक साताऱ्याकडची विधवा बटाट्याची भजी तळताना दिसली. बटाटा म्हणजे कंदच की! कंदाच्या बाबतीत मामाला कोण फसवणार? वाहत्या पाण्यात किती येळ ठेवला हुता, असं त्यानं दरडावून विचारलं. त्यानं भजं फोडलं, आतला तुकडा ओठाला लावला आणि डोळे बारीक करून उभा राहिला. काशीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि त्याच्याकडं बघतच राहिली.

"तुम्ही कान्हूचे कोण?" तिनं विचारलं.

मामा एक पाऊल मागं सरला. ही चेटकीण न सांगताच ओळखते! पण काशी शांतपणे सांगत गेली. पहिला महिनाभर कान्हूही असाच भजं ओठाला लावून उभा राहायचा, वाहत्या पाण्याचंच विचारायचा, खायचा मात्र नाही. खोलीवर स्वतःचा भात स्वतः शिजवायचा. मग तो तापानं पडला. चूल पेटवायचं त्राण नव्हतं, तेव्हा तिनं आठ दिवस पेज भरवली, म्हणून तो वाचला. तेव्हापासून तो तिच्याकडंच खातो आणि गावाचं नाव काढलं की रडतो, थोरल्यानं उंबरा बंद केलाय म्हणतो. गिरणी सुटली की येईल, बसा.

पुढचं लखूमामा कधी सांगायचा नाही, ते कान्हूमामाकडून कळलं. गिरणी सुटल्यावर आलेला कान्हू भावाला बघून भिंतीशीच थांबला. लखूनं त्याच्याकडं बघितलंही नाही. पानावरचं एक सबंध भजं उचललं आणि ओठाला न लावता सरळ तोंडात टाकलं. मग दुसरं. डोळ्यांतनं पाणी येत होतं, आणि ते काही मिरचीचं नव्हतं.

"आता उंबरा दोघांनाबी बंद," तो म्हणाला. "चल. भायेर बसायला सोबत तरी हुईल."

नव्याच्या दिवशी दोघं अंगणात येऊन उभे राहिले आणि आत येईनात. लखूमामानं आपल्या तोंडानं आईला सगळं सांगितलं, काशीची पेज आणि स्वतःची भजी, काही लपवलं नाही. मग आजी आत गेली, चिमूटभर नवा भात पानावर घेऊन आली आणि एकेक शीत दोघांच्या ओठांना लावलं. उंबऱ्यावर बसून तिनं पान जमवलं आणि सावकाश चघळलं. तिचं पान होईपर्यंत कुणी बोललं नाही, अंगणात शेजारीपाजारी जमले होते, तेही नाही.

पान थुंकून तिनं विचारलं, "खाजतंय काय रं?"

"न्हाई," लखूमामा म्हणाला.

"मग या आत. भात निवतोय."

त्या दिवशी आजीनं दोनदा भात मागून घेतला.