पाहुण्यांचा एसी

कोपरच्या आमच्या घरात एसी आहे हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. त्याचा गारवा मात्र फक्त पाहुण्यांना. माझ्या पहिल्या बोनसमधून मी तो आईसाठी घेतला. उन्हाळ्यात तिची मान घामोळ्यांनी लाल व्हायची, ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, बेडरूममध्ये लावू. बाबांनी माझी कीव केली. "तिथे कोण बघणार?" एसी हॉलमध्ये लागला, दारासमोर. रिमोट शोकेसमध्ये गेला, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

बेल वाजली की बाबा आधी रिमोट घेत, मग दार उघडत. पाहुणे गारेगार होत. आई आत त्यांच्यासाठी भजी तळत असे, पंखा बंद करून, कारण पंख्याने गॅस फडफडतो. मधलं दारही लावलेलं, कारण गारवा आत जाता कामा नये. घरातल्या सगळ्यात तापलेल्या बाईला आम्ही असं एसीपासून जपलं.

तिन्हीसांजेला मात्र खोलीखोलीत दिवे लागायचे, लक्ष्मी येते म्हणून. तीही पाहुणीच.

गेल्या मे महिन्यात दिवे लावून आई पोळ्यांना लागली आणि ओट्यापाशीच चक्कर येऊन पडली. आम्ही दोघांनी तिला हॉलमधल्या दिवाणावर आणलं. मी कपाळावर ओला रुमाल ठेवला, बाबा वर्तमानपत्राने वारा घालू लागले. एसी समोरच होता. शपथेवर सांगते, तो आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही.

आमची धावपळ ऐकून शेजारच्या काकूंनी बेल वाजवली तेव्हा आला. बाबांनी सवयीने रिमोट काढला. काकू लिंबू सरबत देऊन, एसीचं कौतुक करून गेल्या, तोवर आईच्या चेहऱ्यावर रंग आला होता. बाबा रिमोट हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांना लाज वाटत होती. मला त्यांच्याहून जास्त.

आईने डोळे उघडले. "गेल्या ना त्या? मग बंद करा की."

"अगं आई, तुझ्यासाठीच आहे तो."

"माझ्या एकटीसाठी कशाला? बिल केवढं येईल!"

एसी कुणी बंद करू नये म्हणून मी बाबांच्या हातातल्या रिमोटमधले सेल काढून पर्समध्ये टाकले. थोड्या वेळाने आईने उशाकडच्या भिंतीवर चाचपडत बटण शोधलं आणि ऐन तिन्हीसांजेला हॉलचा दिवा बंद केला.