बायकोच्या आवाजाखालचा पुरुष

माझा धंदा रिक्षावरच्या जाहिरातींचा. चादरी-टॉवेलचा सेल, नवं हॉटेल, शाळेचे प्रवेश. आवाज बायकोचा, कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग माझं. रिक्षाच्या कर्ण्याला जाड आवाज झेपत नाही, नुसता घरघरतो. म्हणून खालचा भाग मी फिल्टरने आधीच उडवतो. त्यात काय आहे ते ऐकतही नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका टॉवेलवाल्याला तीच जाहिरात दुकानातल्या मोठ्या स्पीकरवरही लावायची होती. बायकोने घरीच मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली. या वेळी फिल्टर लावला नाही, आणि तिच्या वाक्यांखाली काहीतरी घुमलं. शेजारचे कापड विणायचे लूम म्हणावेत, तर त्यांची खडखड एकसारखी असते. हे मधेच थांबत होतं, परत सुरू होत होतं.

तिला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. स्टुडिओचं दार लावलं, हेडफोन घातला आणि इक्वलायझरच्या वरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या पट्ट्या एकेक करून खाली ओढल्या. तिचा आवाज बोदा होत होत विरला. उरला तो पुरुषाचाच, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. शब्द एकही कळेना. कळणार कसा? शब्दांच्या कडा वरच्या पट्ट्यांत असतात, त्या मीच कापल्या होत्या. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला शब्द नकोच होते. पुरुष हवा होता, तो सापडला.

त्या रात्री जेवलो, आणि धुऊन पालथे घातलेले चहाचे कप किती आहेत, ते बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली तेव्हा ते घुमणं तिला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं.

"ते सगळं बंद करा की. मी पाठवलं तसं लावा."

लावलं. फक्त मोठं केलं. तिची घोषणा जिथे थांबते तिथे, लांबून पण स्पष्ट: "अक्का, दाजी यायच्या आत निघतो मी."

तिचा धाकटा भाऊ. स्टुडिओतला एक माइक हरवला तेव्हा त्याच्यावर आळ घेऊन मी त्याला घर बंद केलं होतं. पुरावा काही नव्हता. आजही नाही. पुरावा नाही, हे मी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

ती चिडली नाही. "त्याला ऐकायला माझा आवाज काढून टाकलात व्हय," एवढंच म्हणाली.

मी तिथूनच मेव्हण्याला फोन लावला. रविवारी जेवायला ये म्हटलं. माइकच्या बाबतीत माझं चुकलं, हेही म्हटलं.

तो म्हणाला, "दाजी, हे रेकॉर्ड करताय का तुमी?"

नाही म्हटलं. त्याला पटलं नसावं. अक्काला द्या म्हणाला. फोन तिच्या हातात दिला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. त्या दारातून आवाज बाहेर येत नाही, मीच तसं करून घेतलंय. तरी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.