खिडकीतील लसणाची मोजणी

छत्तीस वर्षे परक्यांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेल्या मोजणीकाकांच्या स्वतःच्या नावावर आजन्म एक वाफाही नव्हता. ही उणीव त्यांनी साठीनंतर स्वयंपाकघराच्या खिडकीत भरून काढली. बुडाला भोके पाडलेले तीन डबे मातीने भरले, लसणाच्या एकवीस पाकळ्या, टोक वर राहील अशा बेताने, दोरी लावून समान अंतरावर रोवल्या. आणि त्या भूभागास ते अत्यंत आदराने 'शेत' म्हणू लागले.

या शेतापायी काकूंचे शिवणयंत्र मात्र खिडकीच्या रुंद कट्ट्यावरून घरातल्या अंधाऱ्या बोळात गेले होते.

"महिनाभर देते," काकूंनी बजावले होते. "तोवर शेतातलं काही ताटात पडलं तर खिडकी तुमची. नाहीतर डबे उचलायचे आणि माझं मशीन जागेवर!"

आठवड्याभरात अंकुर वर आले. काका प्रातःकाळी स्नानोत्तर पोलादी पट्टी घेऊन प्रत्येक पातीची उंची नोंदवहीत टिपू लागले. पाती सहा इंचांपर्यंत निष्ठेने वाढल्या, आणि मग अघटित घडले. सातव्या क्रमांकाची पात एका रात्रीत साडेचारावर आली. काकांनी चष्मा पुसला, पट्टी पुसली. साडेचारच.

"अगं, लसूण आखडतोय!"

"तुमची पट्टी लांबली असेल," काकू भाजी परतता परतता म्हणाल्या.

घाव वर्मी बसला. काकांच्या मोजणीवरची एकही हरकत आजवर टिकली नव्हती! त्यांनी नवी पट्टी आणली, डबे उन्हाकडे फिरवले, पाणी कमी केले, मग वाढवले. लसूण आखडतच राहिला. त्या खिन्नतेत एवढाच दिलासा, की जेवण हल्ली विलक्षण रुचकर होत होते.

"काय चव आहे गं हाताला!"

"चाळीस वर्षांनी कळलं का?"

तिसाव्या दिवशी अखेरच्या मोजणीस काका आत आले, तो काकू शिवणाच्या कात्रीने सातव्या पातीचा शेंडा छाटीत होत्या.

"म्हणजे तू!"

"मग काय! डोळ्यांसमोर हिरवीगार पात असताना बाजारात कोण जातंय? रोज भाजीत घालते."

काकांचा संताप ओठांपर्यंत आला आणि तेथेच त्याचे हास्य झाले. "रोज? म्हणजे ताटात पडलं की!"

कात्री हवेतच थबकली. काकू आपल्याच अटीत सापडल्या होत्या. कात्री ठेवून त्या बोळात गेल्या आणि दिव्याखाली डोळे बारीक करून सुईत दोरा ओवू लागल्या. चौथ्या प्रयत्नालाही दोरा चुकला, तेव्हा दारातून पाहणाऱ्या विजेत्याला राहवेना. त्याने खडू घेतला, कट्टा तीनदा मोजला, डबे एकमेकांना खेटवून कोपऱ्यात सारले आणि रेषा ओढली. दोन भाग मशीनचे, एक शेताचा.

"हद्द कायम!" काका सरकारी स्वरात म्हणाले.

"आणि कात्री हद्द ओलांडून आली तर?"

"रीतसर नोंद होईल."

दुसऱ्या सकाळी सातवी पात पुन्हा खुजी भरली. काकांनी नोंदवहीच्या शेरा-रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'घट एक इंच. कारण, रात्रीचे जेवण. हरकत नाही.'