सांध्यावरचा दोरा

कारखान्यातले माझे एक वडीलधारे सोबती; ते आमच्या शेजारच्या शेडमध्ये होते, पण आमची खरी ओळख तापीच्या काठावरची. रविवारी आम्ही दोघं गळ टाकायला वरणगावहून सायकलीवर जायचो. त्यांची काठी तीन तुकड्यांची. प्रत्येक सांध्याच्या तोंडाशी रेशमी दोरा घट्ट गुंडाळून वर वार्निश दिलेलं. जोडताना ते सांध्याला मेणबत्ती घासायचे आणि मासा मिळो न मिळो, निघताना आधी सांधे पुसायचे. मी जोडलेली काठी तशीच घरी न्यायला निघालो की खेकसायचे, "सांधा फसला म्हंजे निंघनार नही भो!"

एकदा माझ्या गळाला मोठा मासा लागला आणि काठीचा सांधा उभा चिरला. हातातली काठी टाकून ते पाण्यात धावले. मासा काठावर येईपर्यंत माझा सांधा दोन्ही मुठींत आवळून उभे राहिले. वळून पाहतो तर त्यांचीच काठी जागेवर नाही. कुठल्याशा माशाने ती ओढून नेली होती. दूर पाण्यात तिचं टोक दिसलं आणि बुडालं.

त्यांनी खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, माझी काठी मांडीवर घेतली.

"दोरा सैल गुंडायला व्हता तुम्ही," ते म्हणाले. "धरा हे टोक."