वाळवंटाची तालीम

वाळवंटात जायच्या आधी आम्ही वाळवंटाची तालीम केली, ती पंचकुल्याच्या कडेने जाणाऱ्या घग्गर नदीच्या कोरड्या पात्रात. जानेवारीतलं धुकं जेमतेम उठलं होतं आणि जसबीर आंटीजींची जुनी जीप गोट्यांवरून हिंदकळत खाली उतरत होती. स्टिअरिंगवर त्या होत्या. मी शेजारी दाराची मूठ घट्ट धरून बसले होते आणि मनात एकच विचार घोळत होता: या बाईंना माझ्याकडून नेमकं हवंय तरी काय?

मी मूळची अकोल्याची. नवरा, श्रीकांत, हवाई दलात. चंदीगडला आमचं तिसरं वर्ष. मुलगी मोठी झालेली, मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी आणि दिवसभर आपल्या क्लासेसमध्ये. दुपारी घर खायला उठायचं, म्हणून मी पंचकुल्याला आंटीजींकडे मातीकाम शिकायला जाऊ लागले. आंटीजी सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या. चाक न वापरता, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून त्या कमरेएवढाले रांजण घडवतात.

बिकानेरच्या पुढे एका गावात हिवाळ्यात कलांचा मेळा भरतो. गाणारे, कठपुतळीवाले, विणकर वाळूत तंबू ठोकून राहतात आणि लोकांसमोर काम करतात. यंदा आंटीजींना बोलावणं आलं होतं. तिथेच रांजण घडवायचे आणि उघड्यावर भाजायचे. सोबत एक मदतनीस चालणार होता. त्यांच्या वर्गात कला महाविद्यालयातून आलेल्या, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने काम करणाऱ्या मुली होत्या. त्या सोडून आंटीजींनी मला विचारलं, आणि तेही माझ्या कामाबद्दल नाही. विचारलं काय, तर हायवेवर गाडी चालवता येते का.

आणखी एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. आंटीजी बोलताना कधी डोळ्यांत बघत नसत. नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी असायची. दर तीन वर्षांनी नवं गाव, नवे शेजारी असं आयुष्य काढलं की माणूस पारखून घ्यायची सवय लागते. नजर चुकवणाऱ्या माणसाशी मी जपूनच वागते. श्रीकांतला सांगितलं तर तो म्हणाला की फुकटची ड्रायव्हर हवी असेल त्यांना. मी हसले, पण ते डोक्यातून गेलं नाही.

घग्गरच्या पात्रात आम्ही तंबू उभा करून पाहिला आणि गोवऱ्या रचून दोन लहान मडकी भाजली. सगळा वेळ आंटीजी मला आगीचा रंग विचारत होत्या. आता कसा आहे? खाली कसा, वर कसा? मला वाटलं, परीक्षा घेतायत. थर्मासमधला चहा ओतताना त्यांच्या हातून अर्धा कपाबाहेर गेला. परत येताना त्यांच्याच घराच्या फाटकाच्या खांबाला जीप चांगलीच घासली. मी नकळत त्यांच्या श्वासाचा वास घेतला. फक्त वेलदोड्याचा होता. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं की यापुढे गाडी मीच चालवायची. विनंती वगैरे नव्हती त्यात.

तयारीचे दिवस माझा संशय वाढवतच गेले. सेक्टर बावीसच्या बाजारातून मी लोकरीचे मोजे, तोंडाला बांधायला सुती ओढण्या आणि एक शाल आणली. शाल अजून पिशवीतून काढलीही नव्हती, तोच आंटीजी म्हणाल्या, ‘रंग बड़ा सोणा है.’ उगीच गोड बोलणारी माणसं मला मुळात आवडत नाहीत. त्यांनी आपल्या प्रत्येक पिशवीला दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे लोकरीचा गोंडा. मी एक पिशवी नुसती सरकवली तर त्यांनी तत्काळ ती चाचपून पुन्हा जागेवर ठेवली. माझ्यावर विश्वास नाही आणि मी पाचशे किलोमीटर यांना घेऊन जायचं? घरी येऊन मी श्रीकांतला सांगितलं की जात नाही. पण सकाळी उठून बॅग भरली. वाळवंट मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही पटियाला मागे टाकलं तेव्हा धुकं विरलं. बठिंड्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. भिंतीवर ठळक अक्षरांत सगळे पदार्थ लिहिलेले असताना आंटीजींनी मालकाला सगळे तोंडी सांगायला लावले. तोही गाणं म्हटल्यासारखा सांगत गेला. साग, मक्याची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि शेवटी पिन्नी (तुपात भाजलेल्या कणकेचा लाडू) असं आम्ही जेवलो. जेवण फार चांगलं होतं.

हनुमानगढला चहाच्या टपरीवर बसलेल्या एका आजोबांना मी पुलाखालच्या कोरड्या पात्राचं नाव विचारलं. त्यांच्याकडे त्याला नाली म्हणतात. ‘वैसे है तो घग्गर ही,’ ते म्हणाले. ‘पाकिस्तान की तरफ जाके रेत में खत्म हो जाती है.’ आम्ही इतके तास प्रवास करून आमच्याच नदीच्या काठावर आलो होतो, याचं मला हसू आलं.

सुरतगढच्या पुढे शेतं विरळ झाली, खेजडीची (शमीची) एकटीदुकटी झाडं सुरू झाली आणि एका वळणावर पहिला धोरा (वाळूचा डोंगर) समोर आला. उतरतं ऊन त्याच्या एका अंगावर होतं. मी गाडी कडेला घेतली आणि आंटीजींना म्हटलं, बघा. त्या खाली उतरल्या, आणि धोऱ्याकडे न बघता मान वळवून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, कळलं नसेल. मी बोट दाखवलं. त्या तशाच उभ्या.

‘देख रही हूँ,’ त्या म्हणाल्या. ‘सीधा देखूँ तो गायब हो जाता है. ऐसे देखूँ तो थोड़ा-सा आ जाता है.’

माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं: चहा, शाल, गाठी, फाटकाचा खांब. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडा तेवढ्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, की गेलेलं परत येणार नाही. माझ्याशी बोलताना त्या नजर चुकवत नव्हत्या, मला बघायचा प्रयत्न करत होत्या.

दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. नदीच्या पात्रात मला शेजारी बसवून या बाईंनी गाडी चालवली होती. मी तसं तोंडावर म्हटलं. त्यांनी मान हलवली. ती चूक झाली, त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही, असं म्हणाल्या. मग सांगितलं का नाही, मी विचारलं.

‘बता देती तो तू आती? तेरे साहब आने देते?’ त्या म्हणाल्या. ‘वो लड़कियाँ हाथ की अच्छी हैं. पर मैं कुछ पूछूँ तो वही बोलती हैं जो मुझे अच्छा लगे. तू मुँह पे बोल देती है कि घड़ा टेढ़ा है. मुझे तेरी आँखें चाहिए थीं.’

परत फिरावं असं मनात आलं होतं. मी एकच अट घातली, की पोचल्यावर मेळ्याच्या लोकांना हे सांगायचं. आंटीजी नुसत्या गाडीत जाऊन बसल्या. त्याचं कारण पोचल्यावर कळलं. मेळ्याच्या फाटकाशी आलेल्या तरुणीने सरळ आंटीजींचा हात धरला आणि पायरी कुठे आहे ते सांगितलं. त्यांना आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त मला. त्या रात्री सांगरीची (खेजडीच्या वाळवलेल्या शेंगांची) भाजी आणि बाजरीची भाकरी खाताना दाताखाली वाळू करकरत होती आणि मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही.

पण कामाला बोलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथली माती पिवळसर, लवकर सुकणारी. आंटीजी हातांनी रांजण चढवत, मी कुठे झुकला ते सांगे. दोन रांजण झाले. बाजूच्या तंबूत सारंगी वाजे, पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका तासन्‌तास बघत उभ्या राहत. भाजायच्या दिवशी गावातल्या बायकांनी थेपड्या (गोवऱ्या) रचून दिल्या. आग नीट लागली आणि वारा फिरला. एका बाजूला ज्वाळ पांढरी होत गेली. मी रंग सांगत राहिले, आंटीजी राख कुठे टाकायची ते सांगत राहिल्या आणि तेवढ्यात आतून टण्णकन आवाज आला.

निवल्यावर त्यांनी विचारलं, किती तडकला? जवळ उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटलं, काही नाही, जराशी रेघ आहे. आंटीजी माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या. काठापासून पोटापर्यंत आरपार तडा होता. मी तसंच सांगितलं. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं, खालपर्यंत, आणि वाळूत बसल्या. मग म्हणाल्या की दुसऱ्याचं सांग. दुसरा अख्खा होता, एक अंग शेंदरी, दुसरं धुराने काळंभोर. मी त्यांना सावकाश त्याच्याभोवती फिरवलं आणि काळं कुठे सुरू होतं ते हाताला दाखवलं. मग त्यांनी मान वळवून, कडेने, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर आम्ही पुष्कळ बोललो, थोडं भांडलोही. पंचकुल्याला आल्यावर आंटीजींनी वर्गातल्या सगळ्यांना आपल्या डोळ्यांबद्दल सांगून टाकलं. माझा संशयी स्वभाव काही त्या वाळूत राहिला नाही. मला फसवून नेलं होतं, हे मी अजूनही म्हणते, आणि त्याही नाकारत नाहीत. पण आमचं जे काही जुळलं, ते त्यानंतरचं आहे.

होळीच्या सुमारास श्रीकांतची बदली आली, जोरहाटला. सामान बांधायच्या वेळी सांगू, असं मला आधी वाटलं. मग त्याच दुपारी गेले आणि दारातूनच सांगून टाकलं. आंटीजी माती मळत होत्या. त्यांचे हात थांबले, पुन्हा सुरू झाले. त्यांनी विचारलं, तिकडची माती कशी असते?

मी म्हटलं, बघून सांगते.